एका डोळ्याने हुकलेली नोकरी

माझ्या थोरल्या भावाच्या मुलाने रेल्वेत इंजिन चालवायचे स्वप्न पाहिले होते. आयटीआय केला, २०१४ च्या भरतीत सहायक लोको पायलटची परीक्षा पास झाला. वस्तीत पेढे वाटून झाले. मग आली वैद्यकीय तपासणी. उजवा डोळा झाकायला सांगितला आणि समोरच्या तक्त्यावरची दुसरी ओळही त्याला वाचता येईना. इंजिन चालवणाऱ्यासाठी नियम कडक. दोन्ही डोळ्यांची नजर चष्म्याशिवाय ६/६ हवी. पोरगा घरी आला तो गप्पच. आपल्याला डाव्या डोळ्याने नीट दिसत नाही हे त्याला स्वतःलाच तोवर माहीत नव्हते. बावीस वर्षे!

आम्ही त्याला नेत्रतज्ज्ञांकडे नेले. वाटले होते, चष्मा लागेल, फार तर ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, "डोळ्याला आजार नाही. पण आता चष्मा लावूनही फारसा उपयोग नाही. चार वर्षांचा असताना आणला असता तर गोष्ट वेगळी होती."

याला 'आळशी डोळा' म्हणतात. नाव चुकीचे आहे. आळशी ना डोळा, ना मूल. जन्मापासून एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असला, की मेंदूकडे एक चित्र स्पष्ट आणि एक धूसर जाते. मेंदू धूसर चित्र बाजूला टाकतो. बघण्याचे शिक्षण मेंदूला बालपणीच मिळते, आणि जो डोळा तेव्हा वापरलाच गेला नाही तो पुढे अडाणीच राहतो. तिरळेपणामुळेही हेच होते. आपल्याकडे तिरळे मूल नशीबवान म्हणून कौतुक करणारी माणसे अजून आहेत! वेळेत सापडले तर उपाय साधा : चष्मा, आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, म्हणजे दुसऱ्याला काम करावेच लागते. सात-आठ वर्षांचे वय उलटले की यश कमी कमी होत जाते.

ज्याचे दोन्ही डोळे कमजोर, तो निदान फळ्याकडे बघून डोळे बारीक करतो. ज्याचा एकच कमजोर, तो कुणाच्याच लक्षात येत नाही. मूल तक्रार कशी करणार? त्याला वाटते, जग सगळ्यांना असेच दिसते.

मी स्वतः पंचवीस वर्षे शाळेत शिकवले. फळ्यावरचे उतरवून न घेणाऱ्या पोरांना 'ढ' म्हणून मागच्या बाकावर बसवणाऱ्यांत मीही होतो. बाबासाहेब वर्गाच्या कोपऱ्यात, घरून नेलेल्या गोणपाटावर बसून शिकले, हे दर १४ एप्रिलला सांगणारा मी. आपल्याच पोरांना फळ्यापासून लांब बसवताना त्यातल्या एकाचाही डोळा झाकून पाहिला नाही.

सरकारची योजना नाही असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यानुसार डॉक्टरांच्या फिरत्या पथकाने अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांना एकदा तपासायचे असते. डोळेही त्यात येतात. दोष आढळला तर पुढचे उपचार मोफत, शाळकरी मुलांना चष्माही मोफत. पण पथक एका दिवसात शंभर मुले उरकते तेव्हा प्रत्येकाचा एकेक डोळा झाकून कोण बघतो? आणि बीडचे ऊसतोड कामगार दिवाळीच्या आसपास फडावर निघतात, वीटभट्टीवाले भट्टीवर. पोरे त्यांच्याबरोबर. पथक गावात येते तेव्हा पटावर नाव असते, पोरगे नसते. आपल्या कार्यकर्त्यांनी अंगणवाडीताईंना पथकाची तारीख विचारावी, त्या दिवशी तिथे उभे राहावे, न सापडलेल्या मुलांची यादी मागावी. मोर्चाला माणसे जमवतो तशी या तारखेला आया जमवाव्यात.

घरी एक गोष्ट आजच करता येते. लहानग्याला खेळणे दाखवत एक डोळा तळहाताने हलकेच झाका, मग दुसरा. एक डोळा झाकल्यावर मूल खेळत राहिले आणि दुसरा झाकल्यावर रडून हात ढकलू लागले, तर उघड्या राहिलेल्या डोळ्याने त्याला नीट दिसत नसावे. मात्र मुलाने काहीच केले नाही म्हणून तपासणी टाळू नये. तीन-चार वर्षांच्या मुलाला अक्षरे येत नसली तरी चालते. तक्त्यावरच्या 'ई' ची दांडी कुठे वळली ते त्याने बोटांनी दाखवायचे. बाहुलीत पांढरी झाक दिसली तर मात्र एक दिवसही थांबू नका. मोतीबिंदू असू शकतो, डोळ्याचा कर्करोगही असू शकतो. आणि बाळ ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचे जन्मले असेल, तर तीस दिवसांच्या आत त्याचा पडदा तपासून घ्यायलाच हवा.

पुतण्या आता एका गोदामात हिशेब लिहितो. गेल्या वर्षी त्याच्या चार वर्षांच्या मुलीला त्याने स्वतः जिल्हा रुग्णालयात नेले. तिचाही डावाच डोळा. रोज संध्याकाळी दोन तास पट्टी. पहिल्या आठवड्यात तिने ती तीनदा उपटून गटारात टाकली. आता पट्टीवर स्केचपेनने मांजर काढून द्यावे लागते, मग लावू देते. परवाच्या तपासणीत ती तक्त्यावरच्या दोन ओळी जास्त खाली गेली.