सुधाची पत्रे आपल्या पत्त्यावर

पत्र लिहायचे एकाच्या नावाने आणि वाचायचे मात्र साऱ्यांनी, ही गंमत आपल्याकडे नवी नाही. १९२८ च्या उन्हाळ्यात पंडित नेहरूंनी मसुरीला असलेल्या आपल्या दहा वर्षांच्या इंदिरेला पृथ्वीच्या जन्माची कथा पत्रांतून सांगितली. पुढच्या वर्षी ती पत्रे पुस्तकरूपाने घरोघरी गेली. आपल्या मराठीत हे भाग्य साने गुरुजींच्या पुतणीच्या, सुधाच्या, वाट्याला आले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी गुरुजींनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले आणि त्यातूनच ‘चि. सुधास’ लिहिलेली त्यांची पत्रे महाराष्ट्रभर वाचली जाऊ लागली. ‘सुंदर पत्रे’ या नावाने ती पुढे पुस्तकात आली. पत्ता सुधाचा असला, तरी लखोटा फोडावयाचा मान प्रत्येक घरातल्या मुलाचा होता!

काय असे या पत्रांत? फुले असत, पाखरे असत, पाऊस असे, समुद्र असे. आणि बोलता बोलता मध्येच देशोदेशीच्या थोरांच्या गोष्टी निघत. गुरुजींची ही दृष्टी ‘श्यामची आई’च्या वाचकांना अपरिचित नाही. आईच्याच हाताला दूध देणारी मोरी गाय कोण विसरेल? कळ्या रात्रीच खुडून आणणाऱ्या श्यामला फुले झाडावर फुलू द्यावीत हे आईने शिकविले, तेही आपण लहानपणीच वाचले आहे. त्या पुस्तकात आई श्यामला शिकविते. पत्रांत तोच श्याम, आता केस पिकू लागलेला, एका लहान मुलीचे बोट धरून तिला जग दाखवितो. फरक एवढाच.

मुलांना अशी पत्रे लिहिणारे विलायतेतही होते. एनिड ब्लायटन या बालवाचकांच्या लाडक्या लेखिकेने शिक्षकांसाठी निघणाऱ्या एका साप्ताहिकात वर्षानुवर्षे मुलांना पत्रे लिहिली. आज बागेत काय उगवले, कोणता पक्षी आला, घरातली मांजरे आणि कासव काय करतात, असा त्यांतला मजकूर. एवढेच नव्हे, तर बॉब्स नावाचा तिचा कुत्रा स्वतःच्या नावाने मुलांना पत्रे लिही! १९३५ साली बॉब्स वारला. पण बाईंनी ते मुलांना कळू दिले नाही, आणि बॉब्सची पत्रे पुढेही येतच राहिली. तिचे चाहते आज हे जुने अंक शोधून काढतात, पत्रे तारीखवार लावतात आणि पुन्हा वाचतात. आपले लहानपण असे हुडकण्याचा छंद साऱ्या जगात सारखाच!

गुरुजींचे साहित्य २०११ पासून प्रताधिकारमुक्त झाले आणि त्यांची पुस्तके अनेक ठिकाणांहून निघू लागली. मोबाइलवरही ती वाचता येतात. पण वाचतो कोण, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या चाकणने द्यावे, हे थोडे नवलाचेच.

चाकण म्हटले की पूर्वी संग्रामदुर्ग आठवे. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने मूठभर मावळ्यांनिशी शाएस्तेखानाला सुमारे दोन महिने ज्याच्या तटाशी रोखून धरले, तो भुईकोट. मग आठवे कांद्याचा बाजार. आता मात्र मोटारींचे कारखाने. या कारखान्यांच्या मागोमाग खानदेशातून, मराठवाड्यातून, विदर्भातून तरुण जोडपी आली आणि चार खोल्यांच्या घरांतून राहू लागली. आजी-आजोबा गावी राहिले. परिणाम असा की, इथला सहा वर्षांचा मुलगा रस्त्यावरच्या मोटारीचे नाव दुरून ओळखतो. पण समोरच्या तारेवर बसलेल्या हिरव्या पाखराला तो नुसते ‘पक्षी’ म्हणतो. दोष त्याचा नाही. मोटारीचे नाव तिच्या पाठीवरच लिहिलेले असते. पाखराचे नाव कुणीतरी सांगावे लागते.

आमच्या ओळखीच्या अशाच एका घरात गेल्या पावसाळ्यात ‘सुंदर पत्रे’चे वाचन सुरू झाले. वडील दुसऱ्या पाळीला गेले की, जेवणानंतर आई एक पत्र मोठ्याने वाची. हळूहळू शेजारची दोन-तीन मुलेही येऊन बसू लागली. मोठी माणसे ऐकत ती जुन्या ओढीने. मुले ऐकत ती सुधाची मैत्रीण होऊन. एके रात्री घरातल्या मुलीने विचारले, “आई, पुस्तक संपले की पुढचे पत्र कधी येणार?”

काय सांगावे? ११ जून १९५० रोजी गुरुजींनी स्वतःच्या हातांनी आपली जीवनयात्रा संपविली. ज्या दिवसांत त्यांचे मन देशाच्या स्थितीने आतून पोळत होते, त्याच दिवसांत ते एका मुलीला फुलांविषयी लिहीत होते, हे मोठ्यांनाही वाचताना गलबलून टाकते. आईने खोटे सांगितले नाही. “गुरुजी वारले गं, आता पत्र येणार नाही,” एवढेच ती म्हणाली. मुलगी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मग आता दुसऱ्या कुणीतरी लिहायला हवं.”

आईने ही गोष्ट दूरध्वनीवरून अमळनेरला आपल्या वडिलांना सांगितली. ज्या गावात १९२४ ते १९३० गुरुजींनी मुलांना शिकविले, त्याच गावचे हे निवृत्त शिक्षक. दूरध्वनीवर ते नेहमी “बरी आहेस ना? अभ्यास कर,” एवढेच नातीशी बोलत. आठ दिवसांनी त्यांचे पाकीट आले. आत दोन पाने. ‘तुझ्या खिडकीसमोरच्या तारेवर हिरवा, लांब शेपटीचा, बारीक चोचीचा पक्षी बसतो का पाहा. तो वेडा राघू. उडता किडा टिपतो आणि पुन्हा त्याच तारेवर येतो. मधमाशी धरली तर आधी तारेवर आपटून तिचा काटा काढतो, मगच खातो. असा शहाणा, त्याला वेडा का म्हणतात, ते तू मला कळव.’

मुलीने कळविले. तारेवर तीन राघू होते! पुढच्या पत्रात टिटवी आली. मोकळ्या जागेत खडीतच ती अंडी घालते, आणि ती खड्यांसारखीच दिसतात म्हणून कुणाला सापडत नाहीत. कारखान्यामागच्या पडीक जागेला मुले आता ‘टिटवीचे माळरान’ म्हणतात आणि तिथे जपून पावले टाकतात. तिकडे आजोबांच्या घरीही फरक पडला आहे. सत्तर वर्षे साठविलेली नावे कुणाला द्यावीत, हा त्यांचा घोर सरला. त्यांची मुले कारखान्यांच्या घाईत वाढली आणि ती नावे घ्यायची राहून गेली; नातीने मात्र आपण होऊन मागून घेतली.

विलायतेत बॉब्स गेला तरी त्याची पत्रे थांबली नाहीत, कारण लिहिणारी बाई होती. आपल्याकडे लिहिणाराच गेला. म्हणून ते काम आता आपल्याकडे आले आहे. जुनी पत्रे पुन्हा वाचून डोळे ओले करण्यात वावगे काही नाही. पण ती पत्रे वाचून आपण एक नवे पत्र लिहिले नाही, तर गुरुजींचा टपालखर्च फुकट गेला म्हणायचा!

वाचकहो, दिवाळीच्या सुमारास काळापांढरा धोबी पक्षी उत्तरेतून आपल्याकडे उतरतो आणि हिरवळीवर शेपूट वरखाली करीत तुरुतुरु चालतो. फराळाच्या डब्याबरोबर नातवंडाला त्याविषयी चार ओळी धाडा. शंकरपाळे दोन दिवसांत संपतील. धोबी मात्र दर हिवाळ्यात येईल, आणि त्याला पाहिले की मुलाला तुमची आठवण होईल.