गच्चीवरचा बाकला आणि कोऱ्या चहासारखी लघवी

जानेवारीचा शेवटचा आठवडा होता. सकाळच्या ओपीडीत एक आई पाच वर्षांच्या मुलाला खांद्यावर टाकून आली. मागे आजोबा होते आणि त्यांच्या हातात पाण्याची बाटली होती. बाटलीत पाणी नव्हतं, मुलाची सकाळची लघवी होती. रंग कोऱ्या चहासारखा. आजोबांनी ती आणली हे फार बरं केलं, कारण 'लघवी लाल झाली' असं सांगणं आणि ती डोळ्यांनी दाखवणं यात फरक पडतो.

मुलगा पांढराफटक पडला होता, डोळे पिवळे होते, नाडी वेगाने चालली होती. आदल्या दिवसापर्यंत तो घरभर उड्या मारत होता. हिमोग्लोबिन आलं ५.४. त्याच्या वयाला ते ११.५ च्या वर असायला हवं. कावीळ म्हटली की आधी यकृताचा विचार होतो, पण यकृताच्या तपासण्या ठीक होत्या. मलेरियाचे जंतू सापडले नाहीत. लाल पेशी शरीरातच फुटत होत्या, एवढं स्पष्ट होतं. का फुटत होत्या, ते कळत नव्हतं.

मी नेहमीचा प्रश्न विचारला, "बाहेरचं काही खाल्लं का?" आई म्हणाली, "नाही मॅडम, सगळं घरचंच." कुठलं औषध दिलं का? तेही नाही. मी ते लिहून घेतलं आणि पुढे गेले.

चूक इथेच झाली. संध्याकाळी आमच्या निवासी डॉक्टरने रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा काही लाल पेशी कडेने चावा घेतलेल्या बिस्किटासारख्या दिसल्या. मग मी पुन्हा खाटेजवळ जाऊन प्रश्न बदलला, "घरचं काय काय खाल्लं?" आजोबांनी सांगितलं, "परवा रविवारी गच्चीवर माझ्याबरोबर शेंगा तोडत होता. कोवळे दाणे कच्चेच खाल्ले त्याने, ओंजळभर तरी असतील."

त्या शेंगा बाकल्याच्या होत्या.

हा बाकला कोण?

काकांनी अनेक वर्षं आखाती देशात नोकरी केली होती. तिथे सकाळच्या न्याहारीला शिजवलेला बाकला, लिंबू, जिरं आणि तेल घालून खातात. त्याला 'फूल' म्हणतात. निवृत्तीनंतर तीच चव त्यांना हवी होती. त्यांनी बी मिळवलं आणि गच्चीवरच्या कुंड्यांत लावलं.

इंग्रजीत याला फावा बीन किंवा ब्रॉड बीन म्हणतात, शास्त्रीय नाव व्हिसिया फाबा. उत्तर भारतात आणि बिहारमध्ये तो भाजीला असतो, आपल्याकडे कमीच दिसतो. पण घरच्या बागेची हौस वाढली, बियाणं घरपोच मिळू लागलं, तसा तो इथल्या गच्च्यांवरही दिसायला लागला आहे. आपले वाल आणि पावटा वेगळे. ते वेलावर येतात आणि त्यांची जातही निराळी आहे. बाकला वेल नाही. त्याचं खोड चौकोनी आणि पोकळ असतं, झाड तीन-चार फूट सरळ वाढतं, त्याला तणावे येत नाहीत. फुलं पांढरी, पाकळीवर काळा ठिपका. शेंग जाड, आतून मखमलीसारखी मऊ अस्तर असलेली.

लावायला पीक सोपं आहे. ते थंडीचं आहे, म्हणून ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बी पेरावं. बारा-पंधरा इंची कुंडीत दोन बिया, दीड-दोन इंच खोल. वाफ्यात असेल तर दोन झाडांत वीतभर अंतर. निचरा चांगला हवा, कुंडीत पाणी साचलं की मुळं कुजतात. बी लावताना शेणखत किंवा गांडूळखत पुरतं. युरियाची गरज नाही, कारण डाळवर्गातल्या इतर पिकांप्रमाणे याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र स्वतःच बांधून घेतात. फुलं आल्यावर कोवळ्या शेंड्यावर काळा मावा हमखास बसतो. खालच्या शेंगा धरल्या की शेंडा खुडून टाकावा, मावा निम्मा तिथेच जातो. उरलेल्यावर निंबोळी अर्क. जानेवारी-फेब्रुवारीत शेंगा येतात. ऊन तापलं की फुलं गळतात, म्हणून नाशिक-पुण्याच्या थंडीत तो जसा येतो तसा कोकणातल्या दमट उकाड्यात येत नाही. वाळलेल्या दाण्यात सुमारे पंचवीस टक्के प्रथिनं असतात, फोलेटही भरपूर. बहुतेकांसाठी हे उत्तम अन्न आहे.

प्रश्न आहे तो उरलेल्या थोड्यांचा.

पेशीचा गंज

आपल्या लाल पेशी दिवसरात्र प्राणवायू वाहतात. ज्याचा प्राणवायूशी सतत संबंध येतो ते गंजतं, हे लोखंडाला लागू आहे तसं लाल पेशीलाही. हा गंज थोपवण्यासाठी पेशीत ग्लुटाथायॉन नावाचं संरक्षक द्रव्य असतं. ते वापरलं गेलं की पुन्हा ताजं करावं लागतं, आणि त्या कामाच्या साखळीतलं पहिलं विकर म्हणजे ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजनेज, थोडक्यात जी-६-पीडी. शरीरातल्या इतर पेशींकडे याला पर्यायी वाटा आहेत. लाल पेशीत केंद्रक नाही, ऊर्जा तयार करणाऱ्या कणिका नाहीत. तिचं सगळं या एका वाटेवर अवलंबून आहे.

काही जणांत हे विकर जन्मापासूनच कमी असतं. एरवी काही बिघडत नाही. तो माणूस खेळतो, धावतो, वय वाढतं, त्याला पत्ताही नसतो. पण बाकल्यात व्हायसिन आणि कॉनव्हायसिन नावाची दोन द्रव्यं असतात. पोटात गेल्यावर त्यांच्यापासून तयार होणारे पदार्थ लाल पेशीवर एकदम मोठा हल्ला करतात. विकर पुरेसं असेल तर पेशी तो परतवते. कमी असेल तर हिमोग्लोबिन गोठून त्याच्या गुठळ्या होतात, प्लीहा त्या गुठळ्या तोडून काढते आणि पेशीला चावल्यासारखी खाच पडते. बऱ्याच पेशी फुटतात, त्यातलं हिमोग्लोबिन लघवीत उतरतं. यालाच फेविझम म्हणतात. साधारण एक-दोन दिवसांत लक्षणं दिसतात: थकवा, ताप, पोटदुखी, पिवळे डोळे, गडद लघवी.

कोवळा, कच्चा दाणा सर्वांत धोक्याचा. भिजवल्याने, शिजवल्याने ही द्रव्यं कमी होतात, पण पूर्ण जात नाहीत. म्हणून कमतरता असलेल्याने शिजवलेला किंवा भाजलेला बाकलाही खाऊ नये. किती दाण्यांनी त्रास होईल याचं प्रमाण सांगता येत नाही. गेल्या वर्षी खाऊन काही झालं नाही, म्हणून यंदाही होणार नाही, असंही नाही.

कुणात असते ही कमतरता?

जगात चाळीस कोटींहून अधिक लोकांत ती आहे, असा अंदाज आहे. शोध लागला तो मलेरियाच्या औषधामुळे. प्रायमाक्विन दिल्यावर काहींचं रक्त का फुटतं, याचं उत्तर शोधताना १९५६ साली अमेरिकेतल्या संशोधकांना या विकराची कमतरता सापडली. जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता तिथे ही कमतरता जास्त दिसते, कारण ती मलेरियापासून थोडं संरक्षण देते. मुंबईतल्या पारशी समाजातल्या कमतरतेचा अभ्यास १९६३ सालीच प्रसिद्ध झाला. त्यानंतर अनेक आदिवासी आणि इतर समाजांत ती आढळली. तिच्या एका प्रकाराचं नाव तर 'केरळ-कल्याण' आहे आणि त्यातलं कल्याण आपलंच.

दोष एक्स गुणसूत्रावर असतो. मुलाला एक्स एकच, तोही आईकडून. म्हणून त्रास मुख्यतः मुलांना. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. बापाला कमतरता असेल तर ती मुलग्याकडे जात नाही, मात्र प्रत्येक मुलीकडे जाते. वाहक स्त्रियांनाही कधी कधी त्रास होऊ शकतो.

हे मी वॉर्डात समजावलं तेव्हा आजी सुनेकडे पाहून म्हणाल्या, "म्हणजे हे हिच्याकडून आलं." आजोबा खाली मान घालून बसले होते, शेंगा आपण लावल्या, हेच त्यांच्या मनात. एकाच खाटेभोवती दोन माणसं स्वतःला गुन्हेगार समजत होती. मी आजींना सांगितलं, "आपण सगळेच असे पाच-सहा दोष अंगात घेऊन फिरतो, आपले अजून उघड झाले नाहीत इतकंच. आणि काका, तुम्ही नातवाला ताजी भाजी खायला शिकवत होतात. यात कुणाचाच गुन्हा नाही." हे वाक्य औषधाइतकंच महत्त्वाचं असतं असं मला इतक्या वर्षांत वाटत आलं आहे. आई मोकळेपणाने बोलू लागली ती त्यानंतरच. जन्मानंतर दुसऱ्याच दिवशी बाळ पिवळं झालं होतं आणि पाच दिवस निळ्या दिव्याखाली पेटीत ठेवावं लागलं होतं. तो पहिला इशारा होता. त्या वेळी ही तपासणी झाली असती, तर कदाचित आजचा दिवस टळला असता.

तपासणी आणि तिचा चकवा

जी-६-पीडीची तपासणी साधी आहे, थोडं रक्त लागतं. पण एक चकवा आहे. विकर जुन्या पेशींत सर्वांत कमी असतं, आणि झटक्यात त्याच आधी फुटतात. मागे उरतात त्या तरुण पेशी, ज्यांत विकर जास्त असतं. त्यामुळे ऐन आजारात किंवा रक्त चढवल्यावर अहवाल 'नॉर्मल' येऊ शकतो. आमच्या या मुलाचा पहिला अहवाल तसाच जवळपास नॉर्मल आला. आम्ही त्यावर विसंबलो नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हा कमतरता स्पष्ट दिसली.

उपचार फार मोठा नाही: कारण थांबवणं, सलाइन, मूत्रपिंडांवर लक्ष आणि गरज असेल तर रक्त. मुलाला रक्त चढवलं. तिसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ झाली, सहाव्या दिवशी तो घरी गेला. वेळेवर आणलं तर बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. उशीर झाला तर जिवावर बेतू शकतं.

काय टाळायचं, काय नाही

ही कमतरता आहे कळलं की मोबाइलवर लांबलचक याद्या फिरू लागतात: वाल नको, राजमा नको, चवळी नको, सोयाबीन नको. या मुलाच्या आईने भीतीने दोन आठवडे वरणसुद्धा बंद केलं होतं. कडधान्यं बंद करायची गरज नाही. टाळायचा तो बाकला, कच्चा, शिजवलेला, भाजून खारवलेला, आणि त्याचं पीठही. खारवलेल्या दाण्यांच्या पाकिटावरची घटकांची यादी वाचावी. अशा बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईनेही तो खाऊ नये.

आहारापेक्षा औषधांबाबत जास्त जपावं लागतं. प्रायमाक्विन, डॅप्सोन, लघवीच्या संसर्गासाठीचं नायट्रोफ्युरँटॉइन, मिथिलीन ब्लू यांनी रक्त फुटू शकतं. म्हणून कुठल्याही डॉक्टरांकडे गेलं की पहिलं वाक्य हेच असावं, "याला जी-६-पीडीची कमतरता आहे." आणि आपल्या घरोघरी असणारी एक वस्तू, डांबरगोळी. ट्रंकेत डांबरगोळ्यांत ठेवलेली दुपटी आणि गोधड्या तशाच काढून बाळाला गुंडाळण्याची पद्धत आहे. नॅप्थलिनच्या वाफेने अशा बाळाची कावीळ धोकादायक पातळीला जाऊ शकते. बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी कुणीच ठेवू नये.

बाकल्याचा आणखी एक गुण जाता जाता सांगते. पार्किन्सनच्या आजारात दिलं जाणारं लेव्होडोपा हे द्रव्य मार्कुस गुगेनहाइम या रसायनशास्त्रज्ञाने १९१३ साली याच झाडातून वेगळं केलं. त्याने स्वतः अडीच ग्रॅम खाऊन पाहिलं आणि त्याला उलट्या झाल्या! शेंगेतलं प्रमाण दर वेळी वेगळं असतं. त्यामुळे पार्किन्सनची औषधं घेणाऱ्यांनी 'नैसर्गिक' म्हणून बाकला मनाने सुरू करू नये.

मग लावावा का?

जरूर लावा. पण ज्या घरात जन्मतः तीव्र कावीळ झालेलं मूल आहे, आईच्या माहेरी कुणाला असा त्रास झाला आहे, किंवा कुणाला औषधाने लाल लघवी झाली होती, त्या घराने आधी तपासणी करून घ्यावी. लहान मुलाला पहिल्यांदा बाकला देणार असाल तर हा इतिहास आठवावा, आणि कच्चे दाणे तर कुणालाच तोडून देऊ नयेत. शेजारच्या मुलांच्या हाती लागतील अशा जागी झाड असेल तर त्यांच्या आईवडिलांना सांगून ठेवावं. खाल्ल्यानंतर दोन-तीन दिवसांत लघवी गडद झाली, मूल पांढरं पडलं, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावं आणि काय खाल्लं ते न विचारताही सांगावं.

तीन महिन्यांनी तपासणीला आले तेव्हा आजोबांनी विचारलं, "डॉक्टर, झाडं तेव्हाच उपटून टाकली. पण पोरगं गच्चीवर यायचं म्हणतं. काय लावू?" मी म्हणाले, "थंडीत वाटाणा लावा काका. तो त्याने कच्चा खाल्ला तरी चालेल."

मुलाच्या दप्तरात आता एक चिठ्ठी असते: आजाराचं नाव आणि टाळायच्या औषधांची यादी. आणि मी 'बाहेरचं काही खाल्लं का' हा प्रश्न विचारून थांबत नाही. घरचं काय खाल्लं, तेही विचारते.