आईची एक रेघ, बापाची एक

‘जालना सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यात जुनी. आता जालना म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात, लोखंडी सळया आणि बियाणं. सळयांचं राहू द्या. बियाण्याची गोष्ट मात्र आपल्या पानावर यायलाच हवी, कारण ते तयार होतं ते बहुतेक बायकांच्या हातून.

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात ‘महिको’ सुरू केली. सुरुवातीच्या काळात त्यांनी ‘पुसा सावनी’ या भेंडीचं बियाणं केलं. भेंडी, आपली रोजची! पुढे संकरित ज्वारी, बाजरी, कापूस आला. १९९८ मध्ये बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जालन्यात इतरही बियाणे कंपन्या उभ्या राहिल्या. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजाकडे गेलात तर रस्त्यालगत शेडनेटच शेडनेट दिसतात. आत मिरची, टोमॅटो, काकडी असते, पण मंडईसाठी नाही, बियाण्यासाठी.

या भागात ‘क्रॉसिंगला चालले’ असं एखादी बाई म्हणाली, तर कुणी ‘म्हणजे काय’ असं विचारत नाही. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कपाशीच्या एकाच फुलात स्त्रीकेसरही असतो आणि पुंकेसरही. फूल आपलं आपणच फळतं. संकरित बियाणं करायचं तर हे थांबवावं लागतं. म्हणून उद्या सकाळी उमलेल अशी कळी आज दुपारी हेरायची, अंगठ्याच्या नखाने तिला चीर द्यायची आणि पाकळ्यांसकट पुंकेसर अलगद सोलून काढायचे. मधली नाजूक दांडी आणि तळाचं बोंडुकलं दुखवायचं नाही. वर कागदाची पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या ओळीतलं ताजं फूल आणून त्या दांडीवर फिरवायचं. असं एकेका झाडावर, एकेका कळीला, फुलोरा असेपर्यंत रोज. पावसाची झड असो की सणवार, कळी थांबत नाही.

आणि एखादी कळी नजरेतून सुटली तर? ती आपली आपण फळते. तिचंही बोंड धरतं, तसंच गुबगुबीत. त्यातली सरकी संकरित नसते, निव्वळ आईची असते. सरकी हातात घेऊन मात्र कुणालाही फरक सांगता येत नाही. ना मुकादमाला, ना कंपनीच्या साहेबाला.

इथे पैशाचा प्रश्न येतो. संकरित कपाशीचं बियाणं विकायचं तर शंभरातली किमान ९० झाडं खरी संकरित निघावी लागतात. पूर्वी हे तपासायचा एकच रस्ता होता. बियाण्याचा नमुना पेरायचा, झाडं वाढू द्यायची आणि पानं, फुलं, बोंडं बघून ‘हे खरं, हे खोटं’ अशी मोजणी करायची. यात काही महिने सहज जातात. तोवर बियाणं गोदामात आणि पिकवणाऱ्याचा हिशेब लटकलेला. निकालावर पैसे, ही अट बियाण्याच्या शेतीत सर्रास असते. लॉट नापास झाला की संकरित बियाण्याचा भाव हातचा जातो. ज्या घरात बियाण्याच्या पैशावर मुलीच्या हॉस्टेलची फी ठरलेली असते, तिथे हे ‘नापास’ फार जड जातं.

आता हीच तपासणी डीएनएच्या खुणा बघून काही दिवसांत होते. या खुणांना मार्कर म्हणतात. नाव मोठं आहे, पण स्वयंपाकघरात वावरणाऱ्या बाईला यातलं काही अवघड वाटू नये.

डीएनए म्हणजे प्रत्येक पेशीत असलेली चार अक्षरांची लांबलचक पोथी. या पोथीत काही ठिकाणी तीच दोन-तीन अक्षरं पुन्हापुन्हा येतात, कॅसेट अडकल्यासारखी. एका जातीत ती बारा वेळा येतील, दुसरीत अठरा वेळा. झाडाचं त्यावाचून काही अडत नाही, पण ओळख पटवायला ही जागा नामी. आपल्याकडे कुणाच्या कानामागे तीळ असतो ना, तसं.

कोवळ्या रोपाचं पान घ्यायचं, वाटायचं, मीठ आणि साबणासारखी द्रव्यं घालून त्यातून डीएनए वेगळा करायचा. मग पीसीआर नावाच्या यंत्रात नेमका तो तुकडा दुपटीने वाढवत न्यायचा. एकाचे दोन, दोनाचे चार. अशा तीस दुपटी झाल्या की एका तुकड्याचे हिशेबाने शंभर कोटींच्या वर तुकडे होतात! ही युक्ती कॅरी म्युलिस या अमेरिकन शास्त्रज्ञाला १९८३ मध्ये सुचली आणि १९९३ मध्ये त्याला तिच्यासाठी नोबेल मिळालं. शेवटी हे तुकडे एका थरथरत्या वडीत भरून विजेचा प्रवाह सोडायचा. ही वडी ज्या पदार्थाची करतात तो समुद्री शेवाळातून येतो. आपल्या पुडिंगातल्या चायना ग्रासचंच ते शुद्ध रूप. लहान तुकडे पुढे पळतात, मोठे मागे रेंगाळतात, आणि रंग दिल्यावर दिव्याखाली रेघा उमटतात.

आईच्या जातीची रेघ एका जागी, बापाच्या जातीची दुसऱ्या जागी. रोपात दोन्ही रेघा दिसल्या तर ते खरं संकरित. एकटी आईचीच रेघ दिसली, तर ती कळी सुटली होती.

मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती तिसरी शक्यता. कधीकधी रोपात आईची रेघ असते, पण दुसरी रेघ भलत्याच जागी असते. म्हणजे परागकण आपल्या नराचा नाहीच, कुठल्यातरी दुसऱ्या जातीचा. तो मधमाशीने आणला असेल, शेजारचं शेत पुरेसं लांब नसेल, किंवा मुळात नराच्या बियाण्यातच भेसळ असेल. यात कळ्या सोलणाऱ्या बाईचा काय दोष? पण लॉट नापास झाला की बोल लागतो तो तिलाच. ‘बायकांनी नीट काम केलं नाही’ हे वाक्य फार स्वस्त असतं. आता निकाल विचारताना नुसतं पास-नापास ऐकून परतू नये. भेसळ आईची निघाली की परकी, हे विचारावं. तपासणीत ते दिसतं. मात्र एकाच खुणेवर विसंबून चालत नाही. दोन जातींची एखादी खूण सारखी असू शकते, म्हणून चांगली प्रयोगशाळा अनेक खुणा तपासते.

हीच विद्या नवी जात तयार करतानाही उपयोगी पडते. बाजरीचं उदाहरण घ्या. गोसावी रोग पडला की कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांचा झुपका येतो. ‘एचएचबी ६७’ नावाच्या संकरित बाजरीत या रोगाला तोंड देणारा गुण डीएनएच्या खुणा बघत बघत आणला गेला, आणि सुधारित वाण २००५ मध्ये शेतकऱ्यांपर्यंत आलं. हे काम हैदराबादजवळच्या इक्रिसॅटने आणि हरियाणातल्या हिसारच्या कृषी विद्यापीठाने मिळून केलं. प्रत्येक पिढीत रोग पडायची वाट बघावी लागली नाही. रोप असतानाच पान तपासून ठरवता आलं, हे ठेवायचं की उपटायचं.

आपल्या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचं पीक म्हणजे तूर. बदनापूरला परभणीच्या कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. बीएसएमआर ७३६, बीएसएमआर ८५३, २०१२ मध्ये आलेली बीडीएन ७११ आणि पुढची बीडीएन ७१६ ही वाणं तिथलीच. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत वरण शिजतं ते यांच्याच डाळीचं. तुरीला दोन रोग मोठे. एक मर, ज्यात उभं झाड वाळतं. दुसऱ्यात झाड हिरवंगार राहतं, पण त्याला फुलं-शेंगाच येत नाहीत. त्याला काय म्हणतात माहीत आहे? ‘वांझ’ रोग! विषाणूने होतो, डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळ्यामुळे पसरतो, आणि नाव देताना आठवली बाईच. असो.

इक्रिसॅटच्या पुढाकाराने तुरीची बरीचशी पोथी वाचून झाली ती २०११ मध्ये, आणि वाचायला घेतलेल्या जातीचं नाव ‘आशा’. वेगवेगळ्या तुरींच्या खुणा शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा दिसलं, की आपण शेतात पेरतो त्या जाती एकमेकींच्या फार जवळच्या आहेत. जणू एकाच भावकीतल्या. खरं वैविध्य आहे ते रानातल्या तुरीसारख्या वेलींत आणि जुन्या गावरान वाणांत. याचा धोका असा, की सगळ्या सारख्या असतील तर एखादा नवा रोग सगळ्यांनाच एकदम धरतो. इक्रिसॅटच्या बियाणे पेढीत तुरीचे १३ हजारांहून अधिक नमुने जपून ठेवले आहेत ते याचसाठी.

पेढीत नसलेले काही नमुने अजून घरांत असतील. राखेत घोळून मडक्यात ठेवलेली गावरान तूर, परसातल्या वालाची मूठभर बी. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती अशा बिया जपल्याबद्दलच. २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्याप्रमाणे शेतकऱ्याला आपलं बियाणं राखून ठेवण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. फक्त कंपनीच्या संरक्षित वाणाचं बियाणं ब्रँडचं नाव लावून विकता येत नाही. संकरित बियाण्याचं मात्र लक्षात ठेवा. त्याचं बी राखून पेरलं तर पुढच्या पिढीत आई-बापाचे गुण विस्कटतात आणि शेत एकसारखं येत नाही.

बियाणं विकत घेत असाल तर आणखी एक. डीएनएच्या खुणा जात सांगतात, उगवण सांगत नाहीत. उगवणीची तपासणी वेगळी असते. पाकीट वरून कापा म्हणजे लॉट नंबर शाबूत राहील. रिकामं पाकीट, लेबल, पक्की पावती आणि मूठभर बियाणं पीक घरात येईपर्यंत डब्यात घालून ठेवा. घोटाळा निघाला तर तालुक्याच्या कृषी कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पंचनामा पीक उभं असतानाच व्हायला हवा. सदोष बियाण्यासाठी शेतकऱ्याला ग्राहक न्यायालयात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि पावती ज्याच्या नावावर शेत आहे त्याच्याच नावाने करायची असं काही नाही. खरेदी तुम्ही केली असेल तर तुमच्या नावाची मागा.