वर्गातील यंत्रसाधने आणि प्राथमिक शिक्षक : कोलाम पोडावरील शाळेच्या संदर्भात

प्राथमिक शिक्षकाने वर्गात आधुनिक यंत्रसाधनांचा उपयोग करावयास शिकावे, याविषयी आज फारसे दुमत उरलेले नाही. मतभेद आहे तो ‘शिकणे’ या शब्दाच्या अर्थाविषयी. यंत्र चालू करणे, पडद्यावर चित्र आणणे, ध्वनिमुद्रण करणे ही कौशल्ये प्रशिक्षणवर्गाच्या एका दिवसात साधतात. परंतु कोणता पाठ यंत्राच्या साहाय्याने शिकवावा व कोणता नुसत्या खडूफळ्यावर सोडून द्यावा, हे कळण्यास एखादे शालेय वर्षही अपुरे पडते. यवतमाळ जिल्ह्याच्या केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या भागांतील शाळांचा विचार करताना हा भेद विशेष स्पष्ट होतो. तेथे कोलामांची पोडे, गोंडांच्या वस्त्या व बंजारा समाजाचे तांडे जवळजवळ वसलेले असून अनेक मुलांची घरची भाषा पाठ्यपुस्तकाच्या भाषेहून वेगळी असते.

ली शुलमन या अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञाने १९८६ साली असे प्रतिपादन केले की, विषयाचे ज्ञान आणि अध्यापनपद्धतीचे ज्ञान ही दोन्ही असूनही शिक्षकाजवळ एक तिसरी वस्तू असावी लागते. ती म्हणजे विशिष्ट विषय विशिष्ट विद्यार्थ्यांस कसा सांगावा याची जाण. पुण्य मिश्र व मॅथ्यू केलर यांनी २००६ साली या विचारात तंत्रसाधनाच्या ज्ञानाची भर घातली. त्यांच्या मते तंत्र, पद्धती व विषय या तिहींचा मेळ बसेल तेथेच साधनाचा खरा उपयोग होतो. हा सिद्धान्त वाचावयास सोपा वाटतो. त्याचा अर्थ मात्र एखाद्या प्रत्यक्ष अडचणीवाचून ध्यानात येत नाही.

अशी एक अडचण घेऊ. पहिलीच्या वर्गातील कोलाम मूल ‘धार’ या शब्दाचा उच्चार ‘दार’ असा करते आणि ऐकून लिहिताना ‘घडी’च्या जागी ‘गडी’ लिहिते. शिक्षिका ती चूक निष्काळजीपणाची समजून शब्द दहा वेळा लिहावयास सांगते. वस्तुतः येथे निष्काळजीपणाचा संबंध नाही. कोलामी ही द्राविड कुळातील भाषा आहे. मरे एमेनो यांनी तिचा सविस्तर अभ्यास १९५५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. ख, घ, ध, भ यांसारखी महाप्राण व्यंजने या भाषेत मूळची नाहीत. ज्या कानाला हा भेद कधी ऐकावाच लागला नाही, तो कान ‘दार’ आणि ‘धार’ हे एकच समजतो. आणि जे ऐकू आले नाही ते दहा वेळा लिहून काय साधणार? लिंगाच्या बाबतीतही असेच आहे. कोलामीत एकवचनी पुरुषवाचक नामांचा एक वर्ग, व स्त्रिया, पशू आणि वस्तू यांचा मिळून दुसरा. ‘ती वही’ पण ‘ते पुस्तक’ हा मराठीचा हट्ट त्या मुलाला अनाकलनीय वाटला तर नवल नाही.

आता यंत्राकडे वळू. अशा वर्गात रंगीत चलच्चित्रांचा पडदा आणून बसविला तर मुलांचे मन रमेल. त्यांच्या अडचणीला मात्र स्पर्शही होणार नाही. याउलट शिक्षिकेच्या हातातील साधा मोबाईल मोठे काम करू शकतो. ‘दार–धार’, ‘गडी–घडी’, ‘बात–भात’ अशा जोड्या तिने सावकाश, स्वतःच्या आवाजात मुद्रित कराव्यात. मुलांपुढे दोन-दोन चित्रे ठेवावीत व शब्द ऐकून योग्य चित्रावर बोट ठेवावयास सांगावे. या टप्प्यावर मुलाने काही बोलण्याची आवश्यकता नसते. कान तयार होणे हेच प्रयोजन. भेद निश्चित ऐकू येऊ लागल्यावर मुलाचा उच्चार मुद्रित करून त्यालाच ऐकवावा. तोच शब्द त्याच रीतीने वीस वेळा उच्चारणे माणसाला कंटाळवाणे होते. यंत्राला कंटाळा नाही. द्विशिक्षकी शाळेत, जेथे एकाच शिक्षिकेपुढे दोन-तीन इयत्ता बसलेल्या असतात, तेथे या गोष्टीचे मोल अधिकच. अर्थात एका गटाचा आवाज दुसऱ्या गटाच्या गणितात शिरतो. तो गट व्हरांड्यात किंवा झाडाखाली बसविणे हाही तंत्रज्ञानाच्या उपयोगाचाच भाग मानावा लागेल, जरी तो प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत सहसा आढळत नाही.

भाषेचा हा प्रश्न केवळ यवतमाळचा नव्हे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० सालचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले. त्यांच्या नावाबरोबर क्यूआर कोडयुक्त पाठ्यपुस्तकांचा उल्लेख सर्वत्र होतो. परंतु त्यांच्या विद्यार्थ्यांची मातृभाषा कन्नड होती, ती त्यांनी शिकून घेतली आणि पाठ्यपुस्तकांचा तीत अनुवाद केला, ही गोष्ट त्या मानाने कमी सांगितली जाते. कोड हा अनुवादाच्या मागून आला होता.

त्या कोडाविषयीही थोडे सांगणे इष्ट होईल, कारण त्याविषयी शिक्षकांत गैरसमज आढळतो. जपानमधील डेन्सो वेव्ह या संस्थेने १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी ही चौकोनी आकृती निर्माण केली. तिच्या तीन कोपऱ्यांतील ठळक चौकटींमुळे पुस्तक तिरके धरले तरी यंत्राला दिशा समजते. तिच्यात दोषनिवारणाची योजना असल्याने, ज्या प्रतीची योजना निवडली असेल त्यानुसार, सुमारे ३० टक्क्यांपर्यंतचा भाग मळला वा फाटला तरी मजकूर वाचता येतो. शाळेतील पुस्तकाच्या दृष्टीने हा गुण मोठाच. परंतु पाठ्यपुस्तकातील आकृतीत पाठ साठविलेला नसतो. असतो तो केवळ पत्ता. त्या पत्त्यावर जाण्यास जाळ्याचा संपर्क लागतो, आणि डोंगरालगतच्या पोडावर तो नेमका पाठाच्या वेळी मिळेलच असे नाही. म्हणून ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या व्यासपीठावरील साहित्य तालुक्याच्या गावी असतानाच उतरवून घेणे ही सवय शिक्षकाला लावून घ्यावी लागते. आदल्या दिवशी टाचण काढणाऱ्या जुन्या शिक्षकाला ही सवय परकी वाटू नये.

विजेचा प्रश्न याहून रुक्ष, पण टाळता न येणारा. लोकवर्गणीतून पडदा व प्रक्षेपक येतात. वीजदेयक मात्र दरमहा येते व ते शाळेच्या तुटपुंज्या सादिल रकमेतून भागवावे लागते. हातातल्या यंत्राला घरून भरून आणलेली वीज पुरते, हाही त्याच्या बाजूचा एक मुद्दा होय.

यंत्र शिक्षिकेला शिकविते ते आणखी एका मार्गाने. पोडावरील एखाद्या आजीची संमती घेऊन तिची कोलामी गोष्ट मुद्रित करून वर्गात लावली, तर त्या तासापुरती मुले जाणकार व शिक्षिका विद्यार्थिनी होते. कोणत्या शब्दावर मुले हसली, कोणता शब्द त्यांनी तिला समजावून दिला, याची तिने वहीत नोंद ठेवली तर वर्षाअखेर तिच्याजवळ एक छोटा शब्दसंग्रह तयार होतो. पुढील वर्षीच्या पहिलीला तो आरंभापासून उपयोगी पडतो.

येथे एक व्यावहारिक अडचण उभी राहते. हे सर्व मुद्रण शिक्षिकेच्या स्वतःच्या मोबाईलमध्ये असते. जिल्ह्यांतर्गत बदली झाली की ती दूर पुसद वा उमरखेडकडे जाते आणि मुद्रणही तिच्याबरोबर जाते; पोडावर येणारा नवा शिक्षक पुन्हा ‘दार’ आणि ‘धार’पासून आरंभ करतो. प्रक्षेपक शाळेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत अनुक्रमांकासह नोंदलेला असतो. आजीच्या गोष्टीसाठी व त्या शब्दसंग्रहासाठी त्या वहीत रकाना नाही.