हृदयाच्या झडपेवरील खडे

कूपनलिकेच्या पाण्याने भांड्यांवर चढणारी पांढरी पुटे आम्हां उस्मानपुरेकरांच्या नित्य परिचयाची आहेत. उतारवयात हृदयाच्या महाधमनीच्या झडपेवरही कॅल्शियमचे खडे साचतात. ते पाण्याने वा दुधाने साचतात असे मात्र नव्हे. तेव्हा आजोबांचे दूध बंद करू नये.

झडप आखडली म्हणजे धाप लागते, छातीत दुखते, घेरी येते. फ्रान्समधील रूआँ येथे डॉ. आलँ क्रिबिए यांनी १६ एप्रिल २००२ रोजी छाती न उघडता, रक्तवाहिनीतून नळी घालून नवी झडप बसविली. आता महाराष्ट्रातही हा उपचार होतो.

छाती उघडणारा शस्त्रवैद्य जुनी झडप खड्यांसकट काढून नवी शिवतो. नळीवाटे मात्र जुनी झडप बाजूस दाबून तिच्यातच नवी उघडावी लागते. तिला धरून ठेवण्यास थोडे खडे उपयोगीच पडतात. पण ते ओबडधोबड असले की कडेला फट राहते आणि तीतून रक्त हृदयाच्या डाव्या कप्प्यात उलट झिरपते. मध्यम वा मोठी गळती राहिल्यास आयुष्य घटते. फुगा पुन्हा फुगवून फट मिटविता येते; पण खड्याच्या दाबाने महाधमनीचे मूळ फाटण्याचे भय असते. अलीकडच्या झडपांना बाहेरून झालरीसारखे आवरण असल्याने गळती पुष्कळ कमी झाली आहे.

म्हणून वडीलधाऱ्यांसाठी निर्णय घेताना ‘छाती उघडावी लागणार नाही ना?’ एवढेच विचारून थांबू नये. सीटी स्कॅनमध्ये खडे किती व कोठे दिसतात, गळतीचा संभव किती, हेही डॉक्टरांस अवश्य विचारावे, असे आमचे वाचकांस सांगणे आहे.