व्यवसाय : भटकणे!

गेल्या दिवाळीत घरी गेलो, तर पप्पांनी माझा लग्नाचा बायोडेटा झेरॉक्सच्या दुकानातून टाइप करून आणला होता. नाव, उंची, शिक्षण (बी. ए., नंतर मास कम्युनिकेशन), शेती (केळी), सगळं एकदम व्यवस्थित. फक्त एक रकाना कोरा होता. ‘व्यवसाय’.

“इथं काय लिहू, तूच सांग,” पप्पा म्हणाले.

“लिहा ना, ट्रॅव्हल रायटर.”

पप्पांनी चष्म्यावरून बघितलं. “ट्रॅव्हल्स लिहिलं तर लोकांना वाटंल तुझ्या पुण्याला गाड्या चालतात.”

समोर बसलेल्या काकांना गाड्यांची आयडिया पसंत पडली होती. पण त्यांचा मूळ प्रश्न वेगळाच होता. “ते ठीक आहे, पण पोऱ्या तिकडे करू काय राह्यला?”

तर मंडळी, आजचा लेख हे काकांना दिलेलं उत्तर आहे. आणि रोज ऑफिसात बसून डेस्कटॉपवरच्या लडाखकडे बघत ‘आता राजीनामा टाकतोच’ असं म्हणणाऱ्या तुम्हालाही!

मी मूळचा फैजपूरचा. जळगाव जिल्हा, यावल तालुका, भुसावळहून तासाभराच्या आत. लहानपणी मिलिंद गुणाजींची ‘भटकंती’ टीव्हीवर बघत जेवायचो. डोंगर चढायचा, दाढी वाढवायची आणि कॅमेऱ्यासमोर हसायचं, एवढ्यावर माणसाचं पोट भरतं अशी माझी पक्की समजूत झाली ती तेव्हाच. पुण्यात मास कॉम केलं, दोन वर्षं डेस्कवर बातम्यांना हेडिंगं दिली आणि पंचविसाव्या वर्षी नोकरी सोडली. मित्र म्हणाले, “साल्या, लाइफ आहे तुझी! फिरायचे पैसे मिळणार!”

खरं सांगू? फिरायचे पैसे कोणीच देत नाही. देतात ते लिहिण्याचे. तेही छापून आल्यावर, आणि बहुतेक वेळा आठवण करून दिल्यावर.

माझ्या पहिल्या ‘अ‍ॅडव्हेंचर’चा हिशेब अजून डायरीत आहे. सांदण दरी. एसटी आणि जीप ८५०, वाटाड्या आणि दोर ८००, जेवणखाण-मुक्काम ७५०. एकूण २,४०० रुपये. लेखाचं मानधन १,५००, तेही चार महिन्यांनी. म्हणजे दरीत उतरलो आणि नऊशे रुपयांनी आणखी खाली गेलो!

गोडसे भटजींची दक्षिणा

हा तोट्याचा धंदा आपल्याकडे जुना आहे बरं का. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये घर सोडून उत्तरेकडे निघाले, ते काही थ्रिल हवं म्हणून नव्हे. घरात चणचण होती आणि बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, भरपूर दक्षिणा मिळणार, असं कानावर आलं होतं. सातपुडा ओलांडून महूपर्यंत पोचतात तोच उठावाची कुणकुण लागली. पुढे तर ते झाशीच्या वेढ्यातच अडकले. वाटेत लुटले गेले आणि घरी परतले ते गंगेची कावड घेऊन. अनेक वर्षांनी त्यांनी हे सगळं लिहून काढलं आणि चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ छापलं. मराठीतलं एक सॉलिड प्रवासवर्णन, आणि ते लिहिणारा निघाला होता चार पैसे कमवायला!

पुढची मोठी नावं काढा. मारुती चितमपल्लींनी जंगल लिहिलं, पण पगार वनखात्याचा होता. मीना प्रभूंनी अर्धं जग मराठीत आणलं, पण त्या लंडनमध्ये डॉक्टर होत्या. परदेशातही वेगळं चित्र नाही. एरिक न्यूबी १९५६ मध्ये हिंदुकुश चढायला निघाले, तोवर ते लंडनच्या फॅशन व्यवसायात होते. १९९६ मध्ये एका मासिकासाठी एव्हरेस्टवर गेलेले आणि त्या भीषण वादळातून वाचलेले जॉन क्राकाउर, पूर्णवेळ लेखक होण्याआधी सुतारकाम करायचे आणि मासेमारीच्या बोटींवर राबायचे.

अपवाद गो. नी. दांडेकरांचा. बारा-तेराव्या वर्षी घर सोडलं, नर्मदेची परिक्रमा केली, आयुष्यभर गड पालथे घातले आणि संसार लेखणीवर चालवला. पण ‘गोनीदां’नी केवळ प्रवासावर भागवलं नाही. कादंबऱ्या लिहिल्या, ललित लिहिलं, लहान मुलांसाठी लिहिलं. १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना ‘स्मरणगाथा’साठी मिळाला. अर्थ काय, तर नुसत्या भटकंतीवर चूल पेटत नाही. शेजारी दुसरी चूल लागतेच.

‘फैजपूर? तिथे काय आहे?’

दुसऱ्या वर्षी मी सगळ्यांना लडाख विकत होतो. एका इंग्रजी मासिकाच्या संपादक बाई फोनवर म्हणाल्या, “लडाखवरचे तीन लेख माझ्याकडे पडून आहेत. तू मूळचा कुठला?”

“फैजपूर.”

“तिथे काय आहे?”

मला जरा रागच आला. मग सांगत सुटलो. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन आमच्या गावचं, डिसेंबर १९३६, अध्यक्ष पंडित नेहरू. नंदलाल बोस शांतिनिकेतनहून आले होते आणि त्यांनी बांबू वापरून अख्खं नगर सजवलं होतं. आजूबाजूला केळीच्या बागा, ताटात भरीत आणि कळण्याची भाकरी, आणि उत्तरेला नजर टाकली की सातपुडा. केळीतून चालत निघालं तर दोन दिवसांत पालला पोचता येतं, थंड हवेचं ठिकाण.

“मग हे का नाही पाठवलंस आजपर्यंत?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जे घराच्या गच्चीवरून दिसतं, ते ‘डेस्टिनेशन’ असू शकतं हे मला कधी सुचलंच नव्हतं. त्यांनी लेख घेतला, पण डेडलाइन मे महिन्याची दिली. मी महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडली आणि भुसावळला उतरलो.

आमच्याकडचा मे म्हणजे पारा ४५ च्या पुढे. गावातल्या पोराला हे सांगावं लागू नये. पण मी आता ‘पुण्याचा ट्रेकर’ होतो ना! दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं सोडून फोटोसाठी ऊन यायची वाट बघत बसलो. अकराच्या सुमारास दोन लिटर पाणी संपलं. मग घाम यायचा थांबला. मग उलटी झाली. त्यानंतरचं नीट आठवत नाही.

शेळ्या चारणाऱ्या एका पावरा दादांनी मला बघितलं. पाड्यावर नेलं, खाटेवर निजवलं, मानेवर ओलं फडकं ठेवलं आणि मीठ घातलेलं ताक घोट घोट पाजलं. संध्याकाळी मी उठून बसलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, “उन्हात कोणी चालतं का, दादा? आम्ही नाही चालत.”

त्या रात्री ते मला जवळच्या झऱ्यावर घेऊन गेले. मेमध्येही तिथे पाणी होतं.

पत्ता किती सांगायचा?

लेख छापून आला. चार पानं, आठ हजार रुपये, तोवरचं माझं सर्वांत मोठं मानधन. ‘सातपुड्यात मृत्यूशी गाठ’ छापाचं हेडिंग. वाचून मलाच माझा अभिमान वाटला. माझा मूर्खपणा त्यात ‘थरार’ झाला होता, जीव वाचवणारा माणूस ‘एक आदिवासी’ झाला होता, आणि झऱ्याचं नाव, पाड्याचं नाव, जायची वाट हे सगळं मी चौकटीत व्यवस्थित दिलं होतं. वाचकाला उपयोगी माहिती द्यायची, हे आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं.

पावसाळ्यात बाइकवाले आले. एका ग्रुपने दुसऱ्याला सांगितलं. स्पीकर आले, बाटल्या आल्या, फुटलेल्या काचा पाण्यात राहिल्या. त्याच पाण्यात पाड्यावरची मुलं उतरतात. एक मुलगा शेवाळावरून घसरला आणि त्याचा पाय मोडला. त्याला झोळी करून रस्त्यापर्यंत कोणी आणलं? त्याच दादांनी.

मी पुन्हा गेलो तेव्हा लेख सोबत नेला होता. गरज नव्हती. आश्रमशाळेत शिकणाऱ्या त्यांच्या मुलीकडे तो आधीच पोचला होता.

“पोरीनं वाचून दाखवलं,” दादा म्हणाले. “चांगलं लिहिलं तू. फक्त पुढच्या वेळी पाण्याचं नाव नको लिहू.”

रागावले असते तर सोपं गेलं असतं. परतीच्या वाटेवर मी हिशेब केला. मला आठ हजार मिळाले. त्यांना काचा मिळाल्या. आमच्या धंद्यातलं भांडवल म्हणजे दुसऱ्याच्या परसातली जागा आणि दुसऱ्याला असलेली वाटेची माहिती. ती विकून आपण निघून जातो, आणि रोज पाणी भरायला तिथे त्यांनाच जायचं असतं.

तेव्हापासून काही गोष्टी बदलल्या. नाजूक जागेचं नाव लिहीत नाही, परिसर सांगतो. यावल अभयारण्याच्या हद्दीत जायचं तर वनखात्याची परवानगी आधी, फोटो नंतर. वाटाड्याचे पैसे बजेटमध्ये पहिल्या ओळीत येतात आणि त्याची हरकत नसेल तर त्याचं नाव लेखात. यामुळे दोन-तीन कामं हातची गेली. “एक्झॅक्ट लोकेशन नसेल तर लेख कशाला?” असं एकाने सरळ विचारलं. त्याच्या जागी तोही बरोबर असेल. त्या महिन्याचं घरभाडं मी मित्राकडून उसनं घेतलं.

नोकरी सोडायच्या आधी एवढं कराच!

• सहा महिन्यांचा खर्च बँकेत हवा. चांगल्या महिन्यात माझ्या हातात ३५ हजार येतात, वाईट महिन्यात नऊ. त्यातली निम्मी कमाई लिखाणाची, उरलेली भाषांतरं, स्क्रिप्ट आणि वीकएंडच्या ट्रेकची.

• एक प्रवास, चार लेख. डोंगर एका पुरवणीला, जेवण दुसऱ्या मासिकाला, माणसं दिवाळी अंकाला, इतिहास इंग्रजीत. मात्र तोच मजकूर दोघांना विकायचा नाही.

• कॅलेंडर उलटं वाचा. पावसाळ्याचे विषय एप्रिल-मेमध्ये पाठवा, दिवाळी अंकाचे जून-जुलैमध्ये. ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये सुरू केलेली दिवाळी अंकांची परंपरा आजही लांबलचक प्रवासलेखांना जागा देते.

• संपादकाला जागा विकू नका, गोष्ट विका. जागा इंटरनेटवर फुकट दिसते.

• ट्रेनिंग घ्या. उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट (१९६५) किंवा दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनीअरिंग इन्स्टिट्यूट (१९५४), इथला बेसिक कोर्स करा. प्रथमोपचार तर शिकाच. उष्माघाताची लक्षणं मला ताक प्यायल्यावर कळली.

• ट्रेक नेणार असाल तर राज्य सरकारच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणातले नोंदणीचे आणि सुरक्षेचे नियम आधी वाचा.

• सही करण्याआधी करार वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क किती काळासाठी दिले हे करारात लिहिलेलं नसेल, तर तो काळ पाच वर्षं धरतात. ‘कायमचे सर्व हक्क’ असं लिहिलं असेल तर जास्त पैसे मागा.

• मानधनातून टीडीएस कापला असेल तर रिटर्न भरा. तुमचेच पैसे असतात ते!

आता त्या बायोडेटाचं काय झालं ते सांगतो. दिवाळीच्या त्या संध्याकाळी, काका गेल्यावर, पप्पा मला बागेत घेऊन गेले. आमची मृगबाग आहे. पावसाळ्याच्या तोंडावर लागवड करायची, मग बारा-तेरा महिने नुसतं पाणी, खत आणि मजुरी. मधेच वाऱ्याने झाडं आडवी झाली तर सगळंच गेलं.

“आपल्या केळीने तरी कधी एक तारखेला पगार दिला?” पप्पा म्हणाले. “घड आला तर आला. भाव पण दुसराच ठरवतो. तुझं तसंच दिसतंय.”

आमच्या घरात माझ्या करिअरबद्दल कोणी बोललेलं हे सर्वांत समजूतदार वाक्य.

दुसऱ्या दिवशी रकाना भरलेला होता, त्यांच्याच अक्षरात. ‘स्वतंत्र लेखन व डोंगर-मार्गदर्शन.’ खाली कंसात त्यांनी जोडलं होतं : (ट्रॅव्हल्सच्या गाड्या नाहीत.)

अजून स्थळ आलेलं नाही. दिवाळी अंकाचे दोन चेकही यायचेत. पण मेमध्ये पुन्हा पाड्यावर जाणार आहे. या वेळी पहाटे निघणार, आणि पाण्याचं नाव लिहिणार नाही.