कुत्र्यालाही अहो-जाहो!

स्पॅनिशमध्ये कुणालाही, कधीही 'ओला' म्हटलं की झाला नमस्कार! लिहिताना सुरुवातीला एच असतो, पण तो नुसता शोभेचा. सकाळी 'ब्वेनोस दियास', नंतर 'ब्वेनास तार्देस', रात्री 'ब्वेनास नोचेस'. गंमत म्हणजे स्पेनमधली दुपार पोटाला विचारून सुरू होते! जेवायला दोन-तीन वाजतात, म्हणून एक वाजतासुद्धा लोक खुशाल 'ब्वेनोस दियास' म्हणतात.

मग नाव सांगायचं. 'मे यामो ईशान', म्हणजे माझं नाव ईशान. अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेसला गेलात तर हेच 'मे शामो' असं ऐकू येईल.

खरी मेख पुढेच आहे. समोरचा माणूस 'तू' की 'उस्तेद', हे आधी ठरवा. (हो, त्यांचाही 'तू'च! स्पॅनिश आणि मराठी एकाच भाषाकुळातल्या ना.) दोस्ताला विचारायचं, 'कोमो एस्तास?' कसा आहेस? अनोळखी आजींना मात्र, 'कोमो एस्ता उस्तेद?' शेवटचा 'स' कुठे पळाला? अहो, 'एस्ता' हे रूप मुळात 'तो' आणि 'ती'साठी आहे. म्हणजे बोलायचं आजींशी आणि क्रियापद तिसऱ्याच कुणाचं!

याचं कारण काही शतकं जुनं आहे. तेव्हा स्पेनमध्ये बड्या माणसाला 'ब्वेस्त्रा मेर्सेद' म्हणत, म्हणजे 'आपली कृपा'. आपल्याकडे नाही का, खुद्द सरकारांनाच विचारायचे, 'सरकारांची तब्येत काय म्हणते?' तसंच ते. बोलून बोलून त्या लांबलचक शब्दांचा झिजून 'उस्तेद' झाला. क्रियापद मात्र 'कृपे'चंच राहिलं.

तर मोठ्यांना उस्तेद, बरोबरीच्यांना तू. सोप्पं! असं वाटत असेल तर कोस्टारिकात जा. तिथे जिवलग मित्र एकमेकांना उस्तेद म्हणतात, आई लेकराला म्हणते, आणि घरच्या कुत्र्यालासुद्धा! 'अहो, चपला चावू नका!' मला तर हे भलतंच आवडतं. कोलंबियातल्या बोगोटामध्ये सख्खे भाऊ भांडतात तेही उस्तेद म्हणत.

बोगोटाजवळच्या बोयाका भागात तर 'मेर्सेद' अजून जिवंत आहे. आईवडिलांना, शेजाऱ्यांना, गिऱ्हाइकांना तिथे मायेनं 'सुमेर्से' म्हणतात. बोयाका बटाट्यांसाठी प्रसिद्ध. तिथल्या बाजारात किलोभर बटाटे घ्यायला गेलात, तर विकणारी मावशी तुमच्यासारख्या चिमुरड्यालाही विचारेल, "काय देऊ, सुमेर्से?"